सिस्टर दोमितिलांचं पान

...आणि गेलेल्या माणसाबद्दल विश्वास ठेवायचा तर कोणावर ठेवाल तुम्ही? तारीफ करणाऱ्यावर, की ज्याचा त्या माणसाशी एकदा तरी खटका उडालाय त्याच्यावर?

मी आपला कापडवाला. मालाची फार तारीफ ऐकली की आधी तागा उलगडून आतलं कापड बघतो.

डोंगरपायथ्याच्या मिशनच्या दवाखान्यात पट्ट्यांसाठी मांजरपाट माझ्याकडून जायचं. त्या सकाळी गाठोडं उतरवलं, तर व्हरांड्यात मदर लुदविना बसलेल्या. वय ऐंशीच्या घरात. समोर नवी सिस्टर जसिंता, कॉलेजात शिकलेली, हातात कागद.

त्यांच्यात एक रीत आहे. सिस्टर वारली की तिच्या आयुष्याचं एक पान लिहितात आणि दरवर्षी त्या तारखेला जेवणाच्या टेबलावर वाचतात. मूल नाही, बाळ नाही. मागं उरतं ते तेवढंच.

सिस्टर दोमितिलांना जाऊन महिना होत आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं पान वहीत लागायचं होतं.

"कसं झालंय, मदर?"

"सुंदर."

जसिंता खुलली.

"आता असं कर. नाव गाळून त्या बायकांना वाचून दाखव. कोण ते ओळखायला सांग."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर पाड्यांतल्या बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. जसिंतानं वाचलं. ती शांत होती. ती नम्र होती. तिच्या मुखातून कधी कठोर शब्द निघाला नाही. तिच्या हातून कधी चूक घडली नाही...

मी मान खाली घातली. याच बाईनं मला भर बाजारात विचारलं होतं, "शेटजी, हे मांजरपाट की मच्छरदाणी?"

"सांगा, कोण असेल?" मदरनी विचारलं.

"तुमच्या देवळातली माता," एक म्हणाली.

"नाय गं, वाचते ती सिस्टरच असल. स्वतःचंच लिवलंय."

बायका हसल्या.

"कोण का असंना," तिसरी म्हणाली, "आपल्याकडची नाय ती."

जसिंताचा चेहरा उतरला. "दोमितिला सिस्टर," ती हळूच म्हणाली.

"ती? शांत?" शुक्री नावाची तिशीतली बाई होती, मांडीवर तान्हं. "माझ्या नवऱ्याला लस टोचायला झाडू घेऊन हाकत आणला होता तिनं."

मदर जसिंताकडे वळल्या. "आणि तिच्या हातून घडलेली ती चूक?"

"मला ठाऊक होतं, मदर. मुद्दाम गाळलं. दरवर्षी वाचायचं ते. लोक काय म्हणतील तिला?"

"कागद ठेव खाली. तोंडानं सांग."

जसिंतानं कागद खाली ठेवला. म्हणाली, "सिस्टर इथं नव्या होत्या. एका पाड्यावर पोर जन्मली, रडेना. सिस्टर म्हणाल्या, मेलेली आहे. नाळ कापायला कात्री उचलली. जेठी सुईणीनं ती हिसकावून घेतली. नाळ तशीच ठेवून तिला जोडलेली वार गरम पाण्यात शेकली, पोरीला चोळलं. आणि पोर..."

"रडली," शुक्री म्हणाली. "चांगला पाडा उठवला तिनं. दुसऱ्या दिवशी तुमची सिस्टर जेठीच्या अंगणात येऊन खाली बसली. म्हणाली, आजी, मला शिकव. तीन पावसाळे शिकली. जेठीला कात्री उकळायला शिकवली. तवापासून आमच्या सात पाड्यांत बाळंतपणात एक बाय गेली नाय. एक पण नाय."

"तुला कुणी सांगितलं हे?" जसिंतानं विचारलं.

"सांगायचं काय त्यात? ती पोर मीच." शुक्रीनं मांडीवरचं तान्हं वर उचललं. "आणि ही माझी चौथी. चारी सिस्टरच्या हातावर झाली."

"माझा हा पण," मागून एक म्हणाली, आणि तिनंही आपला पोरगा उचलला.

"माझी दोन्ही."

"माझं घरी आहे, पण धरा."

पायरीपायरीवर पोरं वर गेली. काही हसत होती, काही भोकाड पसरून रडत होती. तो रडण्याचा गलका ऐकून मदरचा चेहरा असा उजळला, की मीही गाठोड्यावर बसून राहिलो.

जसिंतानं कागद उलटा केला, कोऱ्या बाजूला पेन टेकवलं.

"ती चूक शेवटी लिहू का, मदर?"

"पहिल्या ओळीत."

पेन चालू लागलं. मदर काठी टेकत उठल्या, दोन पावलं गेल्या, थांबल्या.

"वर्षा-दोन वर्षांत माझंही पान तुझ्याच हाती येईल, पोरी... हिशेब खरा ठेव."