हातातला गोळा

"मग चुकतं कुठे, मावशी?"

कौतिकाबाई चुलीपुढे बसून चिंच कोळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा दिगंबर. पुण्याच्या हॉटेलात पाचशे पानांचा स्वयंपाक एकट्याच्या जबाबदारीवर काढणारा आचारी. गावी आल्यापासून तीन दिवसांत त्यानं तीनदा गोळाभात केला होता आणि तिन्ही वेळा उचलून गाईपुढे ठेवला होता. गाईची चंगळ झाली, एवढंच.

तसं पाहिलं तर गोळाभात म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. चण्याची भिजवलेली डाळ जाडसर वाटायची, तिखट, मीठ, हिंग, तेल घालून मुठीनं गोळे वळायचे, अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवायचे आणि झाकण घालायचं. आमच्या वर्धेकडं हे कुणालाही येतं. पण हा पडला हॉटेलातला मोठा आचारी, त्याला सांगणार कोण?

"तांदूळ तोच, डाळ तीच, पातेलं आईचंच," दिगंबर म्हणाला. "तीन दिवसांत माझा एक गोळा फुटलेला दाखवा."

"नाही फुटला."

"आईचा दरवेळी एक तरी फुटायचा. आम्ही चिडवायचो तिला. तरी तिच्या भाताला चव होती. माझ्या नाही."

"इतका काहून मागं लागला त्या भाताच्या?"

आईला जाऊन आज वर्ष होत होतं. ताई, भाचरं, चुलत्याचं घर, सगळे दुपारी जेवायला यायचे होते. आणि मधुकरदादा. आईच्या तेराव्याला दोघा भावांत शब्दाला शब्द लागला, दिगंबर नको ते बोलून गेला, तेव्हापासून बोलणं बंद. ताईनं हातापाया पडून दादाला जेवणापुरतं कबूल केलं होतं. आज तो तसाच परत गेला, तर पुन्हा या घरात येणार नव्हता.

"भात आईसारखा झाला ना मावशी, की दादाच्या तोंडून आपसूक शब्द निघेल. मला काही बोलावं लागणार नाही."

चिंच कोळणारा हात थांबला… पुन्हा सुरू झाला.

चाळीस वर्षं त्यांनी याच्या आईसोबत गावातली लग्नं रांधली होती.

"चढव चौथ्यांदा," त्या म्हणाल्या.

चढवला. जिद्दीला त्याच्या तोड नाही, हे मीही मान्य करतो. भात अर्धा शिजला तसे त्यानं गोळे मांडायला घेतले. सगळे एका मापाचे. शेवटचा हातात होता.

"एक फोड. भातात पाणी हाये तवर."

"काय?"

"गोळा फोड."

दिगंबर हसला. "वीस वर्षं झाली मला या धंद्यात. फुटलेला गोळा म्हणजे हात चुकला."

"तुझ्या माईचा गोळा फुटत नव्हता, बाप्पा. ती फोडत होती."

"आम्हाला तर म्हणायची, हात चुकला."

"म्हणायची."

"आणि त्याचा चुरा स्वतःच्या पानात घ्यायची."

"मंग काय तुमच्या पानात वाढणार होती?"

दिगंबर पातेल्यावर वाकला आणि एखादा वाकडा गोळा शोधू लागला. वाकडा एकही नव्हता.

"कोणता फोडू?"

"हातात हाये तो."

त्यानं मूठ आवळली. डाळ भातात पडली, पाण्यात विरघळली. हिंगाचा, तिखटाचा वास वर आला. तोच वास होता. त्याला आईची फार आठवण आली, डोळे भरले.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली.

मधुकरदादा. निंबाखाली उभा राहिला, पण चपला काढेना. ताई दोनदा म्हणाली, आत चल. तो म्हणाला, इथंच बरा आहे.

दिगंबर पातेल्यावर झाकण घालून, झारा घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा.

"मुरू द्या," तो हळूच म्हणाला. "वाढला की खाईल. खाल्ला की बोलेल."

कौतिकाबाईंनी मानेनंच अंगणाकडे खूण केली.

दादानं घड्याळ पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि मोटारसायकलची चावी पुन्हा खिशातून काढली.

"तोही बोलला होता, मावशी." दिगंबरच्या बोलण्यातली पुण्याची वीस वर्षं कुठल्या कुठे गेली. "मीच काहून आधी?"

कौतिकाबाईंनी झाकणावर निखारे पसरले. उठल्या. त्याच्या हातातला झारा काढून घेतला.

"मघाशी कोणता गोळा फोडला रे तू?"