भाऊजींनी विचारून घेतलं

एका गावात एक भोळा दीर होता. नाव भागवत. सांगितलेलं अक्षर न् अक्षर ऐकायचा, हाच त्याचा दोष.

त्याची वहिनी शलाका घरबसल्या वेबसाइट बनवायची. गावातलं एक फरसाणाचं दुकान, एक दवाखाना, एक शाळा, एक वधूवर मंडळ. त्यांच्या जुन्या साइट नव्या करून द्यायच्या, मजकूर भरायचा, फोटो बदलायचे. पोर मांडीवर, लॅपटॉप पाटावर, आणि मनात सतत धाकधूक, की आपल्याला हे खरंच येतं ना. सासूबाई म्हणाल्या, "भागवतला घे हाताशी. पोराकडे लक्ष तरी देशील." म्हणजे आतापर्यंत आपण देत नव्हतो, एवढं शलाकाला कळलं. तिनं भाऊजींना हाताशी घेतलं.

पहिलं काम फरसाणवाल्याचं. भाऊजींनी जुन्या साइटवर नवी चढवली. नवी चालेना आणि जुनी उरली नाही. ऐन दिवाळीत शेव-चिवड्याच्या जागी कोरं पान. फरसाणवाला हातचा गेला.

शलाकाला वाटलं, सांगण्यात आपलंच काही राहिलं. म्हणाली, "भाऊजी, नवं करताना जुनं जपून ठेवायचं."

भाऊजींनी मान डोलावली. शिकवण पक्की झाली.

मग दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना स्टँडमागे हलवला. भाऊजींनी साइटवर नवा पत्ता टाकला आणि जुनाही जपून ठेवला. जुन्या जागी आता सलून होतं. दाढ दुखणारी माणसं तिथल्या खुर्चीत आ करून बसू लागली. कारागीर बिचारा त्यांची दाढी करून पाठवायचा. डॉक्टरही गेले.

शलाकाला वाटलं, पुन्हा आपणच अर्धवट सांगितलं. म्हणाली, "भाऊजी, आधी जुनं काढायचं, मगच नवं टाकायचं."

भाऊजींनी मान डोलावली. शिकवण पक्की झाली.

मग शाळेत चित्रकलेचे नवे सर आले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, शिक्षकांच्या पानावर त्यांचं नाव टाका. भाऊजींनी आधी जुने शिक्षक झाडून सगळे काढले, मग नवे सर टाकले. दुसऱ्या दिवशी पालक विचारायला आले, आता गणितही रंगवूनच शिकवणार का. गणिताचे सर आपली बदली कुठे झाली हे विचारत जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन बसले. शाळाही गेली.

या खेपेला शलाकाचा आवाज चढला. पोर दचकलं, म्हणून तिनं तो लगेच उतरवला. "भाऊजी, ज्याची माहिती असेल त्याला विचारायचं. त्याचा स्पष्ट होकार आल्याशिवाय काहीही काढायचं नाही."

भाऊजींनी मान डोलावली. ही शिकवण तर फारच पक्की झाली.

आता उरलं एकच गिऱ्हाईक, वधूवर मंडळाच्या कुमुदकाकू. त्याही गेल्या की लॅपटॉप फडताळात आणि सूनबाई ओट्यापाशी, हे सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं.

काकूंनी गावातल्या निम्म्या मुली उजवल्या होत्या. स्वतःच्या मैथिलीचं मात्र जमता जमत नव्हतं. अखेर जमलं. लग्नाच्या सकाळी त्यांचा फोन आला. मैथिलीचं नाव अजून साइटवरच्या स्थळांत दिसतंय, मुहूर्ताच्या आत काढून टाका, वराकडची माणसं खवचट आहेत.

शलाकाचा एक हात पोराच्या झबल्यात, दुसरा साडीच्या निऱ्यांत. एकच तर नाव. यात काय चुकणार? भाऊजींना सांगून ती लग्नाला गेली.

भाऊजींनी बराच विचार केला. नाव मैथिलीचं, माहिती मैथिलीची. मग विचारायचं कुणाला?

मंगलाष्टकं संपत आली होती. अंतरपाट धरलेला, लोकांच्या मुठीत अक्षता. तेवढ्यात भाऊजी उघडा लॅपटॉप घेऊन मांडवात शिरले, ते थेट बोहल्यापाशी. भटजींना वाटलं, फोटोवाला असेल. ते सरकले.

"मैथिलीताई," भाऊजी आदबीनं म्हणाले, "स्थळांतून तुमचं नाव काढू ना?"

भटजींचा माइक चालू होता. साऱ्या मांडवानं ऐकलं. मैथिलीनं लाजून मान आणखी खाली घातली.

"घाई नाही, विचार करून सांगा," भाऊजी म्हणाले. "आज सकाळीच एक चौकशी आली आहे. मुलगा बँकेत आहे."

अंतरपाटाच्या वर नवरदेवाचं डोकं आलं. मैथिलीची नजर हळूच लॅपटॉपकडे गेली.

मागच्या रांगेत शलाका पोराला कडेवर घेऊन उभी राहिली आणि मोकळ्या हातानं खुणा करू लागली, काढा, काढून टाका. भाऊजींनी तिला लांबूनच धीर दिला. वहिनींनी काळजी करू नये, आपल्या सगळं लक्षात आहे.

त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली. मैथिली बोलेना. तेव्हा भाऊजींनी माइक जवळ ओढला आणि साऱ्या मांडवाला शांतपणे सांगितलं,

"मुलीचा होकार नाही."

वराकडची माणसं चपला शोधू लागली. भटजींनी अंतरपाटाची घडी घातली. आणि कुमुदकाकू हातातल्या अक्षता तिथेच टाकून मागच्या रांगेकडे निघाल्या.