धनेशाचा शेवटचा शब्द

एका राज्यात शाप देण्याचे कामही सरकारी खात्यातून चाले. ढगांच्या माळ्यावर शापखाते होते. तिथले जादूगार भूर्जपत्रावर नाव लिहीत, पत्र वाऱ्याच्या हाती देत, आणि वारा ते ज्याच्या त्याच्या अंगावर नेऊन टाकी.

एकदा राजाचा रत्नकुंभ चोरीला गेला. चोराला पक्षी करावे असे ठरले. पत्र निघाले, पण खिंडीत वारा वळला आणि कड्यावर मध काढणाऱ्या कोंडिबाच्या पाठीवर पत्र पडले. तो घरी आला तो धनेश होऊन, पंख फडफडत. त्याची बायको गोजरा अंगणात होती. तिने चोच ओळखली नाही, खोकला ओळखला.

शापाची रीत अशी की, बोललेला प्रत्येक शब्द त्याला कायमचा सोडून जाई. शेवटचा शब्द गेला की त्याच दिवशी सूर्य बुडताना पक्षी रानाकडे उडे, तो माणसांत परत येत नसे. हे कळेपर्यंत त्याचे बहुतेक शब्द बोलण्यात गेले होते, म्हणून उरलेले जपत कोंडिबा छपरावर गप्प बसू लागला.

गोजरा शापखात्यात गेली. पहिल्या खिडकीतला जादूगार म्हणाला, "पक्ष्याचा अर्ज घेत नाही. त्याला माणूस होऊन यायला सांग."

"माणूस झाला असता तर आलेच कशाला असते, महाराज?"

"मग पुढची खिडकी."

दुसऱ्या खिडकीत उत्तर मिळाले, "खात्याचा शाप चुकत नाही." तिसऱ्या खिडकीतला जादूगार सात वर्षे झोपला होता, त्याच्या दाढीत चिमण्यांनी घर केले होते.

त्या खोऱ्यात दर पाच वर्षांनी लोक घड्यांत पाने टाकीत. ज्याच्या घड्यात अधिक पाने, तो खोऱ्याचा जनमुख. यंदा द्वारका कुंभारीण निवडून आली होती. गोजराने काखोटीला कोंबडी घेतली आणि द्वारकेचे दार गाठले.

"अक्का, खोटं कशाला बोलू? माझं पान तुमच्या घड्यात नव्हतं."

"पान कुठं टाकलंस ते घड्याला ठाऊक. दारी आलीस, माझी झालीस. ती कोंबडी मात्र घरी ने, माझं मांजर तिच्यावर डोळा ठेवून बसलंय."

सारे ऐकून द्वारका म्हणाली, "माझ्याकडे जादू नाही. जादूगारांना मी हुकूमही करू शकत नाही. पण जनमुखाच्या प्रश्नाला खात्यानं त्याच दिवशी उत्तर द्यावं, असा नियम आहे. तीन गोष्टी लागतील. पडलेलं पत्र, पाहिलेला साक्षी, आणि कोंडिबाचा होकार, त्याच्याच तोंडचा."

कोंडिबाच्या पाठीवरून घसरून पत्र मधाच्या पोळ्याला चिकटले होते. गोजराने माश्यांना दुःख सांगितले, त्यांनी पत्र सोडले. कड्यावरची घार साक्षीला आली. राहिला होकार.

"मी बायको आहे त्याची. मीच हो म्हणते!"

"नको गं. आज तू म्हणशील, उद्या कुणीही कुणाच्याही नावानं बोलेल."

दुपारी द्वारका जनमुखाचा, बोल धरून ठेवणारा शंख घेऊन अंगणात उभी राहिली. कोंडिबापाशी एकच शब्द उरला होता.

"कोंडिबा, तुझ्या वतीनं मी बोलू का?"

धनेश गोजराकडे पाहत राहिला.

"धनी, नका बोलू," गोजरा म्हणाली. "तुम्ही छपरावर, मी छपराखाली. मला तेवढंही पुरे."

"गोजरे," धनेश म्हणाला.

शब्द गेला. आता तो तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावे तसा पाहत होता.

द्वारकेने शंखाचे तोंड हाताने झाकले. "जपलेला शेवटचा शब्दही त्यानं माझ्या प्रश्नावर खर्चला, यापरता होकार कोणता?" ती म्हणाली आणि ढगांची वाट चढू लागली. गोजरा छपराकडे तोंड करून बसून राहिली.

खात्याच्या खिडकीत द्वारकेने पत्र ठेवले, घारीला बोलू दिले, शंख ऐकवला. मग विचारले, "पत्रावर नाव कोणाचे? पडले कोणावर?"

खिडक्या गप्प झाल्या. त्या शांततेने झोपलेला जादूगार जागा झाला, चिमण्या भुर्रकन उडाल्या. त्याने पत्र वाचले, पुन्हा वाचले.

"नाव चोराचे. पडले निर्दोषावर. खात्याची चूक झाली."

हजार वर्षांत तिथे हे वाक्य कोणी उच्चारले नव्हते. ते उच्चारताच पत्राची राख झाली.

खाली सूर्य टेकला होता. धनेशाने पंख पसरले, झेप घेतली आणि कोंडिबा धपकन गवताच्या गंजीवर पडला.

"गोजरे, छपराला केवढी भोकं पडलीत! महिनाभर वरून बघतोय, पण सांगायला शब्द खर्चवेना!"

गोजरा रडता रडता हसली. तो बोलत राहिला, तिने त्याला थांबवले नाही.

तेव्हापासून त्या राज्यात वारा पत्र टाकण्याआधी नाव विचारतो. ज्याने ही कथा ऐकली, त्याला आपल्या जनमुखाचे दार सापडो, आणि ते उघडे असो.