करंजाच्या तेलाची शिदोरी

गावात वीज यायच्या आधीची गोष्ट. चंद्राक्काच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन भकाभका काळा धूर ओकायचं. टाकीतलं डिझेल मिरवायचं, "धूर जितका काळा, तितका माझा जोर मोठा." शेजारच्या करंजाच्या पानांवर मात्र काजळीची पुटं चढली होती.

एकदा चंद्राक्कानं करंजाच्या बियांचं शुद्ध केलेलं थोडं तेल डिझेलमध्ये मिसळलं.

"हे लेचंपेचं कशाला?" डिझेल फुरंगटलं.

"जोर माझा कमीच," तेल म्हणालं. "पण जळायला हवेतला प्राणवायू लागतो. तो थोडा मी शिदोरीसारखा अंगातच बांधून आणलाय. वाटून घेऊ."

त्या दिवशी धूर विरळ झाला. पीठ रोजच्याइतकंच पडलं.

"मग तो काळा धूर काय होता?" डिझेलनं हळूच विचारलं.

"पुरतं न जळता वाया गेलेलं तुझंच अंग."

दुसऱ्या सकाळी चंद्राक्कानं पांढरं लुगडं बिनघोर करंजाखाली वाळत घातलं.