जिवतीच्या ऊन पाण्याची कहाणी

ऐक जिवतीआई, तुझी कहाणी. आटपाट नगरात एक जोश्याचं घर होतं. जोशीबुवा, जोशीणबाई, दोन मुलगे, दोन सुना. थोरली सगुणा, धाकटी मथुरा.

सगुणेची पहिली खेप, मूल थोराड. कळा लागल्या. जोशीबुवा दाराबाहेरून म्हणाले, "मूळ नक्षत्र लागायच्या आत सोडवा." मग तिला उताणी निजवली, मग पोट दाबलं, मग "जोर कर, जोर कर" म्हणून श्वास घेऊ दिला नाही. मूल मुहूर्तावर झालं, पण सगुणा मागपर्यंत फाटली. मग बसवेना, मग चालवेना, मग मळ आवरेना. लुगडं भिजे. सासू म्हणे, "मुलगा दिलास, घराचं सोवळं नेलंस." गोठ्यालगत तिची वाकळ पडली. लाजेनं ती कुणाशी बोलली नाही.

पुढं मथुरेला दिवस गेले. वाकळ धुणारी जाऊ तिला रोज दिसे. एकदा तिनं हळूच विचारलं, "जाऊबाई, माझंही असंच व्हायचं का हो?" सगुणा वाकळ पिळत राहिली.

श्रावणातला शुक्रवार आला. सगुणेला देव्हारा बंद. तिनं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं जिवती काढली, दूर्वा वाहिल्या, रडली. जिवती लेकुरवाळी होऊन आली. "का गं रडतेस?"

"आई, माझं झालं ते झालं. तिचं होऊ नये."

"मग वसा घे. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

जिवती म्हणाली, "दिवस भरत आले की मथुरेनं नखं काढून, हात धुऊन, तेलबोटानं नाजूक जागा हळूच मऊ करावी. कळांत कुशीवर वळावं. डोकं दिसू लागलं की ऊन पाण्यात पिळलेलं फडकं खाली धरावं. ऊब असावी, चटका नसावा. तेव्हा जोर करू नये, फुंकर घालावी. सुईणीनं हातानं आधार द्यावा, बाळाला त्याच्या चालीनं येऊ द्यावं. इतकं करूनही फाटलंच, तर लपवू नये. वैदिणीला दाखवावं, शिवून घ्यावं."

"लाज वाटते, आई."

"लाजेनं जखम भरत नाही, बाळ."

सगुणेनं हे सारं मथुरेला नि सुईणीला सांगितलं. मथुरेनं तसं केलं, पण भीती गेली नाही. कळा लागल्या तशी जावेला हाका मारू लागली. सगुणा खोलीच्या दारी आली. सासू म्हणाली, "तू आत? विटाळ करशील."

"सासूबाई, विटाळ नव्हे, जखम आहे ती. ह्याच खोलीत झाली."

सासूनं मान खाली घातली, वाट सोडली. सगुणेनं मथुरेला कुशीवर वळवलं, सासूच्या हाती ऊन फडकं दिलं. बाहेरून हाक आली, "मूळ लागेल, घाई करा." सगुणा म्हणाली, "थांबा." पुन्हा हाक आली. सुईण म्हणाली, "थांबा." डोकं दिसलं. मथुरा कळवळली, "जाऊबाई, मी चिरले."

"नाही गं. माझ्या तोंडाकडे बघ. फुंकर घाल."

तिसरी हाक आली. तेव्हा जोशीणबाई म्हणाली, "अहो, मुळाची शांत करता येते. सगुणेच्या जखमेची झाली का कधी? गप बसा."

बाहेर गप्प झालं. मूळ लागलं. मग डोकं आलं, मग खांदे आले, मग मुलगी रडली. सुईणीनं दिवा धरून पाहिलं. मथुरा धड होती.

जोशीबुवा शांतीची तयारी करू लागले. सासू म्हणाली, "आधी वैदीण बोलवा. थोरलीला दाखवायचंय." वैदिणीनं जखम सांधली. सगुणा हळूहळू बसू लागली, मग चालू लागली, मग तिचं लुगडं कोरडं राहू लागलं. पुढल्या श्रावणात सासूनं पहिलं हळदीकुंकू तिला लावलं.

जशी जिवती मथुरेला राखती झाली, सगुणेला सांधती झाली, तशी ऐकणाऱ्या साऱ्या लेकीसुनांना होवो. साठां उत्तरांची ही कहाणी, घाई न करता, पांचां उत्तरीं सुफळ संपूर्ण.