कड्यावरची ससाणी

समुद्र आजच्याहून कोसभर मागे होता, तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्यावरच्या चुनखडीच्या टेकडीत, कड्याच्या कपारीत एक ससाणी दोन पिलं घेऊन राहायची.

एके सकाळी घरट्यामागे भेग पाहून ती टेकडीला विनवू लागली, "टेकडीमाय, पंधरा दिवस तग धर गं. पिलांना पंख फुटू देत."

टेकडी म्हणाली, "पोरी, मी शिंपल्यांच्या चुऱ्याची. समुद्राच्या तळाशी जन्मले, आता तोच मला परत नेतोय. माथ्यावर तटबंदी बांधणारी माणसंही अशीच विनवायची. त्यांची तटबंदीही पाण्यात गेली."

पिलं भुकेनं कलकलत होती, म्हणून ससाणीला शिकारीला जावंच लागलं. परतली तेव्हा कडा कोसळला होता आणि खालचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. पंज्यातलं पाखरू तसंच धरून ती दिवसभर घिरट्या घालत राहिली. घास द्यायला कुणीच उरलं नव्हतं.