करडीचे बेढब जोडे

फार वर्षांपूर्वी, जनावरं जोडे घालायची तेव्हा, रानात निमुळत्या जोड्यांची टूम आली. पाय सोलवटून निघाले तरी कुणी ते काढेना. करडी हरिणीने मात्र अस्वलदादाकडून रुंद, बेढब जोडे शिवून घेतले.

"पाय आहेत की भोपळे?" मोर हसला. करडीच्या मनाला लागलं, पण तिने जोडे काढले नाहीत.

उन्हाळ्यात तळं आटलं. पाण्याच्या शोधात सगळे खडकाळ घाट चढू लागले आणि अर्ध्यावरच बसले. करडी एकटीच पुढे गेली, पलीकडची नदी पाहून परतली. "उठा, पाणी जवळ आहे!" म्हणत तिने लंगडणाऱ्यांना तिथवर नेलं.

मग रानभर बेढब जोड्यांचीच टूम आली. नवे जोडे घालून मोराने विचारलं, "करडीताई, शोभतात का गं मला?"

"मुळीच नाही," करडी म्हणाली, "पण चालतात!"